वासाचे आमिष, तेही आमिषच



परवा विदर्भातील जंगलालगतच्या एका गावी सभा आटोपून निघालो, तोच एक तरुण शेतकरी जीपजवळ आला. हळूच म्हणाला, "साहेब, चितळांनी निम्मी तूर खाल्ली. शेजारचे काका म्हणतात, बांधावर मोह भिजवलेले पाणी शिंपड. वासाने जनावर येईल, फासा मी लावतो. आता मी काही दाणा टाकत नाही, फासाही लावत नाही. नुसत्या वासात गुन्हा कसला?"

असा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून येथे उत्तर देतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे शिकार म्हणजे केवळ जनावर मारणे नव्हे. विष घालणे, फासा लावणे, सापळा मांडणे, आमिष दाखविणे, इतकेच काय, यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हीदेखील शिकारच. आमिष दाण्याचे, मिठाचे की वासाचे, असा भेद त्या व्याख्येत नाही. जनावराला फाशाकडे ओढण्यासाठी जे शिंपडले, ते आमिषच धरले जाईल. चितळ हाती लागले नाही तरी सुटका नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. काळविटासारखा पहिल्या अनुसूचीतील प्राणी असेल, तर कैद किमान तीन वर्षांची.

मग पीक राखायचे कसे? वासाचाच उपयोग उलटा करा. जनावराला नकोसा वाटणारा वास बांधावर ठेवा; मात्र पावसाने तो जातो आणि जनावरे त्याला सरावतातही, म्हणून फवारा पुन्हा पुन्हा द्या व प्रकार बदलत राहा. भुईमुगाभोवती काटेरी करडईच्या चार ओळी पेरल्यास रानडुकरांना अटकाव होतो. कुंपणात विजेच्या तारेचा जिवंत प्रवाह कदापि सोडू नका. त्यात माणसेही जातात.

नुकसान झालेच तर पंचनाम्यापूर्वी शेत मोडू नका. वन खात्याकडे लगेच अर्ज करा. पिकाला धोकादायक ठरलेल्या जनावराच्या बंदोबस्ताची परवानगी कलम ११ खाली अधिकृत वन अधिकारीच लेखी देऊ शकतो, काका नव्हे!

त्या तरुणाचा अर्ज आम्ही जीपच्या बॉनेटवरच लिहिला. गेलेल्या तुरीची थोडीफार भरपाई मिळू शकते. पण घरचा कर्ता तुरुंगात गेला, तर त्या हंगामाची भरपाई कोण देणार?