भुतांच्या अटी

१९९०च्या दशकात बंगळुरातल्या कितीतरी घरांच्या दारा-भिंतींवर दोन शब्द लिहिलेले दिसत : 'नाळे बा'. म्हणजे 'उद्या ये'. रात्री एक बाई दार ठोठावते, आई किंवा बायकोच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडलं की घरचा माणूस गेलाच, अशी ती बोलवा होती. दारावर हे शब्द असले की ती वाचते, मुकाट्याने परत जाते, दुसऱ्या रात्री येते आणि पुन्हा तेच वाचते. भूत साक्षर आहे, शिवाय कानडी वाचतं, याबद्दल कुणाला शंका आल्याचं ऐकिवात नाही! पुढे २०१८मध्ये 'स्त्री' या हिंदी चित्रपटाने हाच तोडगा उचलून चंदेरीत नेला.

माणसं भुताच्या गोष्टी का सांगतात, याचं उत्तर सहसा 'भ्यायला मजा येते' असं दिलं जातं. ते खरं आहे, पण अपुरं. रोज नव्या अनोळखी माणसांनी भरत जाणाऱ्या शहरात रात्री दार वाजलं तर उघडावं की नाही, ही धास्ती भुताच्या आधीचीच. गोष्टीने तिला वेळ नेमून दिली, रूप दिलं आणि मुख्य म्हणजे उपाय दिला. उपायाचा खर्च खडूचा एक तुकडा.

त्याच सुमारास, १९९०च्या आसपास, थायलंडच्या ईशान्येकडच्या खेड्यांत पुरुष नखं लाल रंगवून झोपत होते. विधवेचं भूत पुरुषांना झोपेत नेतं. रंगवलेली नखं पाहून ते फसेल, असा हिशेब. घरांसमोर लाकडी लिंगंही उभी राहिली. या भीतीला आधार होता. सिंगापूरला बांधकामावर गेलेले या भागातले धडधाकट तरुण रात्री झोपत आणि सकाळी उठत नसत. १९८०च्या दशकात असे दोनशेहून अधिक थाई मजूर दगावले. १९९२ साली वर्णन झालेल्या ब्रुगाडा या हृदयविकाराशी अशा मृत्यूंचा संबंध पुढे जोडला गेला. डॉक्टरांच्या आधी गावाने निदान केलं होतं. चुकीचं, पण रात्र निभावून नेणारं.

मराठी भुतांची यादी काढली तर हाच प्रकार दिसतो. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ, कुठे अलवंतीण. ही यादी म्हणजे त्या काळच्या समाजाची मृत्यूनोंदवहीच आहे. ज्यांचं आयुष्य मध्येच तुटलं तेच तेवढे तिच्यात सापडतात. नव्वदी गाठून, नातवंडं पाहून गेलेल्या आजोबांचं भूत सहसा होत नाही. आणि प्रत्येकाला अटी आहेत. मुंजा पिंपळ सोडत नाही. चकवा रात्रभर शिवारात फिरवतो, पण उजाडलं की सोडतो.

कोकणातल्या अशा समजुती गोळा करणाऱ्यांत एक नाव अनपेक्षित आहे : नाशिकचा कलेक्टर जॅक्सन. शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून त्याने माहिती मागवली होती. २१ डिसेंबर १९०९ला 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला गेला असताना अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या, आणि ती टिपणं त्याच्यामागे एन्थोवेन या सनदी अधिकाऱ्याने छापली. मास्तरांच्या त्या उत्तरांचं ऋण आपल्याकडे फारसं कुणी मानत नाही. मानायला हवं.

अटींचा खरा बादशहा वेताळ. कथासरित्सागरात वेताळपंचविशीची गोष्ट घडते ती गोदाकाठच्या प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, राजाच्या बाबतीत. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोकं फुटेल. बोललास तर मी निघालो परत झाडावर. इथे गोष्ट सांगतं ते भूतच, आणि घाम फुटतो तो ऐकणाऱ्याला. तोच वेताळ वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबा होतो, गावाचा राखणदार. रात्री गावाभोवती फेरी मारून त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा, म्हणून नवस फेडताना भक्त त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणांचा जोड वाहतात. ज्याची भीती वाटायची त्यालाच रात्रपाळीला नेमण्याचं हे कोकणी शहाणपण एखाद्या अर्थशास्त्र्यालाही सुचलं नसतं.

बंगळुराच्या उत्तर वेशीवरच्या हेब्बाळचा किट्टय्या मात्र भूत झाला नाही. इसवी सन ७५०च्या सुमारास राष्ट्रकूटांच्या स्वारीत लढताना तो पडला. त्याच्या नावाचा वीरगळ २०१८ साली तिथे उजेडात आला. बंगळुरातला हा सर्वांत जुना ज्ञात कानडी शिलालेख मानतात. अकाली गेलेल्याला दगड मिळाला की तो वीर. ज्याला काहीच मिळालं नाही, त्याला गोष्ट. आजही विमानतळाच्या रस्त्यावर रात्री पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते, असं टॅक्सीवाले सांगतात. तिची कुणी विचारपूस केलेली नाही.

भूत नसतं हे सांगण्यात नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं. त्यांच्या खुनानंतर, २०१३मध्येच, महाराष्ट्रात झालेल्या कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण गुन्हा ठरवली. गोष्ट सांगणं नव्हे. हा फरक नेमका आहे. भीतीच्या गोष्टीतून भूत काढून त्या जागी माणूस बसवला की काय होतं, हे २०१८नेच दाखवलं. मे महिन्यात बंगळुराच्या चामराजपेटेत जमावाने मुलं पळवणारा समजून राजस्थानातून आलेल्या एका तरुणाचा जीव घेतला. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षुकीवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना त्याच अफवेपायी ठेचून मारलं गेलं. या अफवेला ना वेळ होती ना तोडगा. मोबाइलवरून आली, पुढे ढकलली गेली. 'नाळे बा'च्या बाईने निदान दारावरचं वाचून पाठ फिरवली असती.

दिवाळी अंकात भुतं कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी थोडं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो इंग्रजी नाताळ अंकांच्या धर्तीवर, आणि त्या अंकांत भुताची गोष्ट हमखास असे. दिवाळीच्या अमावास्येला पितरांना वाट दिसावी म्हणून उल्कादानही सांगितलं आहे. मेलेल्यांची ये-जा या सणाला नवी नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींनी कित्येक दिवाळ्यांच्या रात्री जागवल्या. 'नवल', 'धनंजय' यांनी तर अशा कथांचा स्वतंत्र वाचकवर्ग घडवला.

यंदाच्या गूढकथा विभागानंतर वाचकांना एक विनंती. सुट्टीत घरी जमलेल्या वडीलधाऱ्यांना आपल्या गावच्या भुताबद्दल विचारा आणि एका पानावर लिहून पाठवा : ते कुठे राहतं, कधी येतं, त्याची अट काय आणि तोडगा काय. सोबत गाव आणि तालुका जरूर लिहा. पत्रं डिसेंबरअखेरपर्यंत पोहोचली, तर निवडक मजकूर पुढच्या दिवाळी अंकात छापता येईल.