लाल दिसणारा प्रत्येक जंतू क्षयाचा नसतो

खोकला, बारीक ताप, घटलेले वजन आणि थुंकीत सापडलेले जंतू, एवढ्यावर आपल्याकडे क्षयाचे निदान होते. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात असताना डॉक्टरांच्या मनात आधी क्षयच येणे स्वाभाविक आहे. मात्र त्यामुळे क्षयासारखाच दिसणारा दुसरा एक आजार नजरेआड राहतो. तो नॉनट्युबरक्युलस मायकोबॅक्टेरिया, म्हणजेच ‘एनटीएम’मुळे होतो.

क्षयजंतूच्या या भावकीतील १९० हून अधिक प्रजाती ज्ञात आहेत. माती, पाण्याच्या टाक्या, नळ आणि शॉवर येथे त्यांचा मुक्काम असतो. क्लोरीनलाही ते सहजी दाद देत नाहीत. धडधाकट माणसाला ते सहसा त्रास देत नाहीत आणि एकाकडून दुसऱ्याला लागत नाहीत. पण जुन्या क्षयाने फुप्फुस खराब झाले असेल, सीओपीडी असेल किंवा प्रतिकारशक्ती खालावली असेल, तर ते तेथे घर करतात.

खरी अडचण निदानाची आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जंतू सारखेच लाल दिसतात. क्षयाची औषधे सुरू होतात, गुण येत नाही आणि ‘औषधांना दाद न देणारा क्षय’ असा शिक्का बसून रुग्णाच्या वाट्याला अधिक त्रासदायक औषधे येतात. सीबीनॅट चाचणी क्षयाचेच जंतू ओळखते. त्यामुळे थुंकीत जंतू दिसूनही सीबीनॅट निगेटिव्ह आली, तर तो इशारा समजून कल्चर करून प्रजाती ओळखलीच पाहिजे. उलट, एकाच नमुन्यात एनटीएम सापडला म्हणून घाईही नको. तो पाण्यातूनही नमुन्यात शिरतो. लक्षणे, सीटी स्कॅन आणि थुंकीच्या किमान दोन स्वतंत्र नमुन्यांत तोच जंतू, असा मेळ बसावा लागतो.

प्रजातीवर उपचार ठरतात. ‘एव्हियम’ गटासाठी अझिथ्रोमायसिनसह तीन औषधे, कल्चर निगेटिव्ह झाल्यानंतरही सुमारे वर्षभर घ्यावी लागतात. ‘अ‍ॅब्सेसस’पुढे क्षयाची नेहमीची औषधे निष्प्रभ ठरतात.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर भरलेली जखम काही आठवड्यांनी पुन्हा सुजते, वाहू लागते आणि साध्या प्रतिजैविकांनी बरी होत नाही, यामागेही अनेकदा हेच जंतू असतात. उपकरणांचे भाग सुटे करून नीट न धुणे, निर्जंतुक द्रावणात पुरेसा वेळ न ठेवणे आणि शेवटी नळाच्या पाण्याने खळबळणे, ही त्याची कारणे. म्हणजे हा त्रास टाळता येण्याजोगा आहे. अशा जखमेतील पुवाचे कल्चर दोन दिवसांत ‘जंतू नाहीत’ म्हणून निकाली काढू नये. या जंतूंना वाढायला आठवडाभर लागू शकतो.

भारतात २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सक्तीची आहे, एनटीएमची नाही. नोंद नाही म्हणून आकडा नाही आणि आकडा नाही म्हणून तरतूद नाही. किमान जिल्हा पातळीवरून कल्चर आणि प्रजाती-तपासणीची सोय सहज मिळावी आणि क्षयाच्या यंत्रणेतच एनटीएमचीही नोंद व्हावी. रुग्णांनी मात्र हे वाचून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. दोन महिन्यांनंतरही गुण नसेल, तर ‘जंतू नेमका कोणता?’ हे डॉक्टरांना जरूर विचारावे.