हळू म्हण, म्हणजे ऐकू येईल

वाचकहो, या सदरात आम्ही बहुधा इतरांच्या घरातले प्रश्न घेतो. या वेळी आमच्याच घरातला घेतला आहे. त्यात चूकही आमचीच होती, म्हणून लिहायला जरा उशीर लागला.

१२ फेब्रुवारी २०२३, रविवारची रात्र. कळव्याच्या खारेगावातले आमचे दोन खोल्यांचे घर. टीव्हीवर ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वाचा अंतिम सोहळा चालू होता आणि टीव्हीसमोर तीन पिढ्या बसल्या होत्या. ऐंशी वर्षांचे अब्बा खुर्चीत, आम्ही दोघे पलंगावर आणि आमचा धाकटा जमिनीवर, पडद्यापासून हातभर अंतरावर. त्याची दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. तरी गेले काही दिवस तो घरातल्या प्रत्येकाचा फोन मागून घेऊन एमसी स्टॅनला मते देत होता. आमचे मत शिव ठाकरेला होते. अमरावतीचा पोरगा, ‘बिग बॉस मराठी’ जिंकून आलेला, नीट बोलणारा. शेवटी दोघे महाराष्ट्राचेच पुढे राहिले आणि मध्यरात्रीच्या सुमारास सलमान खानने स्टॅनचा हात वर केला. आमचा मुलगा असा ओरडला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.

अब्बांनी शांतपणे विचारले, “हा मुलगा गातो की भांडतो?”

आम्ही हसलो. आमचे ते हसणे मुलाला झोंबले. “तुम्हाला काही कळत नाही,” असे म्हणून तो उठला आणि गच्चीवर निघून गेला. दादाअब्बांसमोर आवाज चढवलेला आम्हाला खपला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन काढून घेतला. दप्तर तपासताना गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर त्याने लिहिलेल्या ओळी सापडल्या. चारसहा ओळी वाचल्या, त्यात एक शिवी दिसली आणि आम्ही ती पाने फाडून टाकली. पुढचे काही वाचलेच नाही.

परीक्षा झाली, मार्कही बरे पडले. पण मुलगा आमच्याशी कामापुरते बोलू लागला. जेवण, फी, लोकलचा पास, एवढेच.

आता या स्टॅनविषयी थोडे. खरे नाव अल्ताफ शेख, जन्म १९९९ चा, पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला. लहानपणी कव्वाली गायचा, मग रॅपकडे वळला. ‘तडीपार’ आणि ‘इन्सान’ हे त्याचे अल्बम शो जिंकण्याआधीच मुलांच्या फोनमध्ये पोचले होते. नवीन वर्षाच्या स्वागताला त्या घरातच मैफल झाली. इक्का आणि ‘सीधे मौत’ हे रॅपर आले, स्टॅनही गायला आणि समोरच्या तरुण गर्दीला त्याचा शब्द न् शब्द पाठ होता. आम्ही तेव्हाही पाहत होतो, आम्हाला एक ओळ धड कळली नाही. मग घरच्यांच्या भेटीच्या आठवड्यात त्याची आई आली, तेव्हा मुलांच्या अम्मीने डोळे पुसले. आईला बिलगणारा मुलगा आम्हाला लगेच समजला. तोच मुलगा माइक घेऊन उभा राहिला की परका वाटत होता.

असे का व्हावे? आम्ही स्वतःला विचारले तेव्हा तीन कारणे सापडली. पहिले, वेग. आमचा कान कव्वालीवर पोसलेला आहे. तिथे कव्वाल एक मिसरा चार वेळा म्हणतो, टाळ्यांवर थांबतो, मग पुढे जातो. रॅपवाला थांबतच नाही. दुसरे, भाषा. ती धड हिंदी नाही, धड मराठी नाही, नाक्यावरची आहे. तिसरे कारण शिव्या, आणि हे काही लहान नाही. ज्या घरात मुलाला ‘सलाम कर, जबान सांभाळ’ असे शिकवले जाते, तिथे भिंतीवरच्या टीव्हीतून आई-बहिणीवरचे शब्द यावेत, हे कुणाला आवडेल?

संगीत जायज की नाजायज, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. तो निवाडा करण्याचा आमचा वकूब नाही. मात्र शब्दांपुरती एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कुरआनातल्या एका सूरेचे नावच ‘शुअरा’, म्हणजे कवी, असे आहे. तिच्या शेवटी भरकटलेल्या कवींना खडसावले आहे आणि ईमान राखून नेक काम करणाऱ्यांना त्यातून वगळलेही आहे. हजरत हस्सान बिन साबित हे तर प्रेषितांच्या सोबतचे शायर. तेव्हा शब्दांची ही कला आपल्या घरांना परकी नाही. कवी काय म्हणतो, ते पाहायचे असते. आम्ही मात्र न पाहताच पाने फाडली होती.

कोंडी फोडली ती अब्बांनी. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली. मगरिब झाली होती. अंधारात अब्बा नातवाला म्हणाले, “तुझं ते गाणं वाजंत्रीशिवाय म्हणून दाखव. आणि हळू म्हण. माझा एक कान गेलाय, दुसऱ्याला तरी ऐकू येऊ दे.”

मुलगा आधी लाजला. मग त्याने कुर्ल्याच्या नेझीचे एक गाणे नुसते बोलून दाखवले. नेझी म्हणजे नावेद शेख. २०१४ मध्ये त्याने आयपॅडवर ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण करून ‘आफत’ हे गाणे आणले. पुढे तो आणि अंधेरीचा डिव्हाइन यांच्या वाटचालीवरून झोया अख्तरने ‘गली बॉय’ काढला, तो २०१९ मध्ये आला. हे सगळे मुलाने अंधारातच सांगितले. अब्बा ऐकत होते. मग म्हणाले, “अरे, हे तर आमच्या शाहिरासारखं आहे.”

अब्बा मूळचे बार्शीचे. मुकंद कंपनीत नोकरी लागली म्हणून कळव्यात आले. बार्शीच्या माणसाने शाहीर म्हटले की अमर शेख हे नाव आलेच. त्यांचे खरे नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६ चा, बार्शीतलाच. कधी मोटारीचा क्लीनर, कधी गिरणी कामगार असे दिवस काढून हा माणूस डफ घेऊन उभा राहिला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्याच्या आवाजाने मैदाने भरली. अब्बांनी पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांना ऐकले होते. “माझ्या वालिदांना ते पटत नव्हतं,” अब्बा म्हणाले. “शरीफ घरातल्या पोरांनी फडावर जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. मी खिडकीतून गेलो. परत आलो तेव्हा मार खाल्ला.”

हे आम्ही पन्नाशीत पहिल्यांदा ऐकले. नातवाने मात्र लगेच विचारले, “दादाअब्बा, मग तुम्ही पुन्हा गेलात?”

“गेलो की.”

मग गोष्ट पेशवाईपर्यंत मागे गेली. सगनभाऊ हे शिकलगार मुसलमान आणि होनाजी बाळा गवळी. या दोघांची शाहिरीतली चढाओढ गाजलेली आहे. कलगीवाले आणि तुरेवाले रात्र रात्र एकमेकांना कवनातून कोडी घालत, आणि ज्याला उत्तर सुचेना त्याची हार. मुलगा उठून बसला. “ही तर रॅप बॅटल झाली!” त्याच्या शाळेच्या पुस्तकात शाहीर होते, पण त्यांचा आपल्याशी काही संबंध असेल असे त्याला कधी वाटले नव्हते.

आता अब्बा नातवाच्या बाजूने झुकणार असे आम्हाला वाटले. तेवढ्यात ते म्हणाले, “बाळ, मघाशी म्हणताना तू दोन ठिकाणी अडखळलास. काहीतरी गाळलंस.”

मुलगा गप्प.

“माझ्यासमोर जे तुझ्या तोंडातून निघालं नाही, ते तुलाच नको होतं. मग लिहिताना का घालायचं?”

“वस्तीत असंच बोलतात, दादाअब्बा. ते काढलं तर खोटं वाटतं.”

“अमर शेखसुद्धा कामगारांतच राहिले. तिथं काय अत्तर शिंपडून बोलत होते?” मग क्षणभर थांबून अब्बा स्वतःच म्हणाले, “तसं शाहिरांच्या सगळ्याच लावण्या काही घरात म्हणण्यासारख्या नव्हत्या. माझ्या वालिदांचंही अगदीच चुकत नव्हतं.”

आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटली. अब्बांनी नातवाची चूक दाखवली आणि त्याच दमात आपल्या जमान्याचीही कबूल केली. आम्ही हे कधी केले नव्हते. आमच्या वेळी सगळे कसे पाक-साफ होते, असेच आम्ही सांगत आलो.

त्यानंतर आजोबा-नातवाची जोडी जमली. आम्ही मात्र अजून दाराबाहेरच होतो. तो लिहितो हे माहीत होते, पण आता तो फोनमध्ये लिहीत असे. एकदा मुलांच्या अम्मीने विचारले, “वही का वापरत नाहीस?” तो म्हणाला, “फोन फाडता येत नाही.” आम्ही शेजारच्या खोलीत होतो. ऐकले आणि उठून बाहेर गेलो.

१० फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे एक नवल घडले. ज्याला फजरला उठवताना नाकी नऊ येतात, तो गजराआधी उठला होता. अमेरिकेत सुपर बोल नावाचा फुटबॉलचा अंतिम सामना होता आणि त्याच्या मध्यंतरात केंड्रिक लामार गाणार होता. नमाजनंतर अब्बा त्याच्या शेजारी बसले. छोट्या पडद्यावर न्यू ऑर्लिन्सचे मैदान उजळले होते. तेरा कोटींहून अधिक लोकांनी तो कार्यक्रम पाहिल्याचे नंतर वाचले. मुलगा मधे मधे थांबवून अर्थ सांगत होता. या लामारला २०१८ मध्ये संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले आहे, हेही त्याने सांगितले. हिप-हॉपचा जन्म १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या गरीब वस्तीत, एका घरगुती पार्टीत झाला असे मानतात. टीव्हीवरच्या या सर्वात मोठ्या मंचावर हिप-हॉपला मधोमध जागा मिळायला २०२२ साल उजाडावे लागले. आणि गंमत पाहा, लामारच्या कार्यक्रमानंतर तिकडच्या अनेक ज्येष्ठांचीही तीच तक्रार होती, की शब्दच कळले नाहीत. अब्बा खूश झाले. “म्हणजे मी एकटाच बहिरा नाही.”

मग ९ जून उजाडला. कळवा-मुंब्र्यात राहणाऱ्याला ती तारीख सांगायला नको. सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले. त्याच दिवशी चौघांचा जीव गेला. आमचा मुलगा त्याच मार्गावरून कॉलेजला जातो. त्याचा फोन तासभर लागत नव्हता. तो तास कसा गेला ते लिहवत नाही. तो सुखरूप घरी आला, अल्हम्दुलिल्लाह. आला आणि कोपऱ्यात बसून लिहीत राहिला.

चार दिवसांनी रात्री जेवणानंतर अब्बा त्याला म्हणाले, “मला दाखवलंस ते तुझ्या अब्बांना म्हणून दाखव.” तो आमच्याकडे न बघता म्हणू लागला. त्यात दाराचा दांडा होता, दांड्याला धरलेला एक हात होता, डबा होता, कळव्याला गाडीत शिरताही न येणारी माणसे होती. शिवी एकही नव्हती. राग मात्र होता, आणि तो खरा होता. शेवटी एक आई होती, फोन पुन्हा पुन्हा लावणारी. ते कडवे अब्बांनी सुचवून घातलेले, असे नंतर कळले. “पडलेल्यांचं लिहिलंस, वाट बघणाऱ्यांचं कुठाय?” असे त्यांनी विचारले होते.

तो हळू म्हणत होता. आम्हाला प्रत्येक शब्द कळला.

संपल्यावर आम्ही म्हणालो, “ती पाने फाडायला नको होती. माफ कर.” तो म्हणाला, “त्यात तसलं काही नव्हतं, अब्बा. पहिल्या पानावर होतं, पुढे तुमच्याबद्दल होतं. रात्रपाळीबद्दल.” आम्ही त्या वर्षी रात्रपाळी करत होतो. काय लिहिले होते, हे त्याला आता आठवत नाही. आम्हालाही ते कधी कळणार नाही.

वाचकहो, तुमच्या घरातही कानात बोंडे घालून डोके हलवणारे एखादे मूल असेल. ते ऐकते ते सगळे चांगलेच असेल असे आम्ही म्हणत नाही. त्यात घाण आहे, पैशाचा माज आहे, बायकांविषयी हलके बोलणे आहे. त्याला विरोध करायलाच हवा. पण आधी एकदा त्याला शेजारी बसवा, संगीत बंद करायला सांगा आणि शब्द हळू म्हणायला सांगा. जे त्याला तुमच्यासमोर म्हणवणार नाही, ते त्याचे त्यालाच कळेल. उरेल ते तुम्ही ऐका. आणि तरुण वाचकांनो, घरातल्या म्हाताऱ्यांना एकदा विचारा की ते पंधरा वर्षांचे असताना खिडकीतून कुठे जात होते.

आमच्याकडे हल्ली इशानंतर अर्धा तास टीव्ही बंद असतो. अब्बांचा दुसरा कानही आता मंदावला आहे. नातू त्यांच्या अगदी जवळ सरकून बसतो आणि हळू म्हणतो. आम्हीही खुर्ची जरा पुढे ओढतो.