घामाचे दाम आधी!

लखनौच्या कपूरथला भागात मुख्यालय असलेल्या सहारा समूहाने आपल्या ८८ मालमत्ता विकण्याची परवानगी २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाकडे मागितली. तेव्हा वर्षानुवर्षे पगार थकलेले कर्मचारीही न्यायालयाच्या दारी आले. गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्याचा निकाल २०१२ सालचा. तो रास्तच होय. परंतु ज्यांच्या श्रमावर हा डोलारा उभा राहिला, त्यांनी देणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी का उभे राहावे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसार नोकरी सुटल्यापासून कामाच्या दोन दिवसांत सर्व वेतन चुकते करणे मालकावर बंधनकारक आहे. दाव्यास तीन वर्षांची मुदत आहे. वेतन दिल्याचे सिद्ध करण्याचा भारही मालकावरच आहे. तथापि एकट्या कामगाराला तारखांवर तारखा देऊन थकवणे मालकवर्गाला सोपे जाते. म्हणूनच अनेकांनी मिळून एकच अर्ज करण्याची जी मुभा संहितेत आहे, तिचा वापर झाला पाहिजे. नेमणूकपत्र, पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधीचा उतारा प्रत्येकाने जपावा आणि दावा मुदतीत, संघटितपणे दाखल करावा.

थकलेला पगार हे मालकावरील ऋण आहे. मालमत्ता विकली जाताच पहिल्या रकमेतून ते फिटले पाहिजे!