पळसनाथाचे शिखर आणि उसाचा सल्ला

कला, विज्ञान आणि तंत्रज्ञान यांनी एकत्र नांदावे, असा उपदेश हल्ली व्यासपीठांवरून इतक्या वेळा ऐकू येतो की, हे एकत्र नांदणे आजवर कोठे घडलेच नव्हते, असा कोणाचाही समज व्हावा. त्या समजाची परीक्षा ज्याला पाहावयाची असेल, त्याने पुणे–सोलापूर रस्त्यावर पळसदेवास उतरावे आणि उजनीच्या पाण्यात उभे असलेले पळसनाथाचे जुने देऊळ निरखावे. काळ्या पाषाणाच्या बांधणीवर विटांचे तुलनेने हलके शिखर चढविणाऱ्या त्या अज्ञात स्थपतीला भाराचे गणित आणि रेषेचे सौंदर्य अशी दोन खाती वेगळी ठेवण्याची गरज वाटली नसावी. आणि चार दशकांहून अधिक काळ लाटांचा मारा सोसूनही ते शिखर उभे आहे, यापरते त्याच्या विद्येचे दुसरे प्रशस्तिपत्र कोणते हवे?

ज्या धरणाने हे देऊळ पाण्याखाली नेले, तेही विद्येचेच फळ होय. 1966 साली पायाभरणी होऊन 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनीची साठवणशक्ती सुमारे 117 टीएमसी. त्यातील निम्म्याहून अधिक मृतसाठा, आणि उपयुक्त पाणी संपून धरण ‘वजा’त गेले की, 2024 च्या उन्हाळ्यात दिसले तसे, देवळाचे खांब व भोवतालचे वीरगळ उघडे पडतात. इंदापूरपासून सोलापूरपर्यंतचा ऊस या पाण्यावर पोसला गेला असल्यामुळे धरणाला सरसकट दूषण देणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि, धरणासाठी जमीन संपादन होते तेव्हा सरकारी दप्तरात जमिनीची मोजणी येते, घराचे व विहिरीचे मूल्यांकन येते, मोबदल्याचा हिशेब येतो. पारावरची बैठक, यात्रेतील मानपान आणि नदीच्या उताराची वाट यांसाठी मात्र रकानाच नसतो. अभियंत्याचे शास्त्र येथे उणे नव्हते. ज्याचे गाव उठणार, त्या माणसाला विचारण्याची पायरी सर्वांत शेवटी ठेवलेली होती.

याच परिसरात आज उलट दिशेने जाण्याची एक संधी आली आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला, आणि 2024 मध्ये सुमारे 1000 शेतकरी त्यात सहभागी करून घेण्यात आले. उपग्रहाची छायाचित्रे, शिवारातील हवामान केंद्र आणि मातीत रोवलेले संवेदक यांच्या नोंदी एकत्र करून पाणी, खत व कीड यांविषयीचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाठवावयाचा, अशी ही योजना. उत्पन्न किती वाढले याची चर्चा बरीच झाली. पण माझी नजर त्या सल्ल्याच्या वाक्यावर खिळते. आडसालीच्या सरीत उभ्या असलेल्या माणसाला ‘मृदा-आर्द्रता अमुक टक्के’ असे कळविणे हे विज्ञान झाले, ‘उद्या पाणी सोडू नका, वाफसा येऊ द्या, परवा पावसाचा संभव आहे’ असे सांगणे ही भाषेची कला झाली. कोट्यवधी नोंदींचे सार ज्या एका वाक्यात उतरावयाचे, ते वाक्य नीट घडले नाही, तर मागची सारी यंत्रसामग्री व्यर्थ जाते. अशा प्रकल्पात संगणकतज्ज्ञांच्या शेजारी मराठी लिहिता येणारा एक मनुष्य आणि बांधावर उभे आयुष्य काढलेला एक शेतकरी यांची नेमणूक ही शोभेची बाब नसून मूळ तरतूद असावी. तसेच शेतातील नोंदींवर मालकी कोणाची, आणि दोन एकरवाल्याला हा खर्च पेलणार कसा, या प्रश्नांचा जबाबही प्रारंभीच मिळाला पाहिजे. उजनीच्या वेळी विस्थापितांना मागाहून अर्ज करीत फिरावे लागले, तो क्रम पुन्हा नको.

या विचाराची परीक्षा पळसदेवातच घेता येईल. धरण पुन्हा वजात जाईल तेव्हा ड्रोनच्या छायाचित्रांवरून देवळाचा त्रिमित नकाशा करता येईल. मूर्तिशास्त्राचा अभ्यासक त्यातील शिल्पांची ओळख पटवील. जलअभियंता पाण्याच्या चढउताराने विटांच्या सांध्यांवर काय परिणाम झाला, हे तपासील. आणि जुन्या गावात वाढलेली वडीलधारी मंडळी कोणते जोते कोणाच्या घराचे, हे सांगतील. मात्र या कामाचा आरंभ शेवटच्या मंडळींपासून व्हावा, कारण देऊळ दर कडक उन्हाळ्यात वर येईल, पण ती माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. या साऱ्या कामातून तयार होणाऱ्या दप्तराची एक प्रत मुंबईपुण्याच्या ग्रंथालयात जाण्यापूर्वी पळसदेवच्या ग्रामपंचायतीत ठेवली गेली, तर तीन विद्यांचा संगम झाला असे मी म्हणेन. एरवी तो आणखी एक परिसंवादच ठरेल.

— भीमातीरकर