क्रीडांगण : दोन पंचांची मूक भाषा

दिवाणखान्यांत पाहुणे बसलेले आहेत. चहा होऊन गेला आहे, आणि आतां त्यांस जेवावयास थांबवून घ्यावें कीं नाहीं, हा प्रश्न यजमानाच्या मनांत घोळत आहे. तो बोलत कांहींच नाहीं. माजघराच्या दाराकडे एकदां सहज पाहतो. गृहिणी किंचित् मान हलविते, आणि लगेच ‘आतां जेवूनच जा’ असा आग्रह सुरू होतो. हा संकेत कोणत्याही ग्रंथांत लिहिलेला नाहीं. परंतु त्यावांचून संसार सुरळीत चालत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

बास्केटबॉलच्या मैदानावरही असाच एक संसार मांडलेला असतो, आणि तो म्हणजे दोन पंचांचा. चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यांतून वेगळा झालेला गडचिरोली, ह्या दोन्ही अरण्यप्रधान जिल्ह्यांत शालेय सामन्यांच्या निमित्तानें निरनिराळ्या भाषा बोलणारीं मुलें एकत्र येतात. कोणाच्या घरीं मराठी, कोणाच्या गोंडी किंवा माडिया. सिरोंच्याकडील मुलाच्या तोंडीं तेलुगू, तर निर्वासितांच्या वसाहतींतील मुलाच्या तोंडीं बंगाली. अशा मेळ्यांत पंचाचा हात हीच सर्वांची समान भाषा होय. वर गेलेली मूठ म्हणजे आगळीक, उघडा तळवा म्हणजे नियमभंग, तीन बोटें म्हणजे तीन गुणांचा प्रयत्न, हें कोणासही शिकवितां येतें. ह्या खुणा नियमपुस्तकांत चित्रांसह दिलेल्या असून अधिकृत खुणा तेवढ्याच, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे.

तथापि जरा बारकाईनें पाहिल्यास आणखीही एक भाषा चाललेली दिसते. एक पंच छातीवर हात ठेवतो. ‘हा निर्णय माझा’ असा त्याचा अर्थ. दुसरा तळवा पुढें करून ‘आपण सांगावें’ असें सुचवितो. संघाच्या चार आगळिका भरल्या कीं कोणी मांडीजवळ चार बोटें धरून सहकाऱ्यास सावध करतो. कारण त्या डावांत पांचव्या आगळिकेपासून प्रतिपक्षास दोन मुक्त फेंकी मिळूं लागतात. ह्या खुणा सर्वत्र सारख्या नसतात. सामन्यापूर्वीं दोघे पंच चार शब्द बोलून त्या ठरवून घेतात. क्रिकेटमध्येंही षट्काचे चार चेंडू झाले म्हणजे पंच दोन बोटें खालीं धरून सहकाऱ्याशीं मेळ घालतो, तें पुष्कळांनीं पाहिलें असेल.

ह्या गुप्त खुणांची गरज कां पडावी? तिचें मूळ खेळाच्या जन्मांतच आहे. अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें १८९१ सालीं जेम्स नेस्मिथ यांनीं जे १३ नियम लिहिले, त्यांतच एका पंचानें खेळाडूंवर आणि दुसऱ्यानें चेंडूवर लक्ष ठेवावें, व पहिल्यानें आगळिका मोजून दुसऱ्यास कळवाव्या, अशी वांटणी आहे. म्हणजे कळविण्याचें कर्तव्य पहिल्या दिवसापासूनचें. आजच्या नियमांप्रमाणें एका पंचानें आपल्या अधिकारांत दिलेला निर्णय दुसऱ्यास रद्द करतां येत नाहीं. दोघांत मतभेद झाल्यास शेवटचा शब्द मुख्य पंचाचा असतो. तेव्हां निर्णय जाहीर होण्यापूर्वींच जें काय एकमेकांस सांगावयाचें तें सांगून टाकणें भाग पडतें.

धडक झाली आणि दोन्ही शिट्ट्या एकदम वाजल्या, अशी कल्पना करा. एकानें आक्रमकाचा दोष दाखविला आणि दुसऱ्यानें बचाव करणाऱ्याचा, तर काय शोभा होईल! म्हणून अनुभवी पंच मूठ वर करून क्षणभर थांबतो आणि सहकाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहतो. ज्याच्या भागांत प्रसंग घडला तो पुढें होतो. दुसरा मुकाट्यानें हात खालीं घेतो.

परंतु ह्या सर्वांत मला थोर वाटते ती खूण निराळीच आहे. चेंडू रेषेबाहेर गेला. रेषा ज्याच्याकडे होती त्याच्या दृष्टीआड एक खेळाडू आला, आणि अखेरचा स्पर्श कोणाचा हें त्यास दिसलेंच नाहीं. तो शिट्टी वाजवून सहकाऱ्याकडे पाहतो. ‘मला दिसलें नाहीं, आपणांस दिसलें काय?’ एवढाच त्या नजरेचा अर्थ. सहकारी छातीजवळ बोट धरून दिशा सुचवितो. त्यासही दिसलें नसेल, तर दोन्ही अंगठे वर जातात आणि चेंडूचा ताबा पाळीप्रमाणें दिला जातो. शेंकडों प्रेक्षकांसमोर अधिकाराच्या जागीं उभें राहून आपलें अज्ञान कबूल करणें सोपें नाहीं. छातीठोकपणें चुकीची दिशा दाखविणें त्याहून पुष्कळ सोपें!

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो क्षुल्लक नाहीं. सिरोंच्याहून सुमारें २०० किलोमीटरचा प्रवास करून गडचिरोलीस आलेल्या मुलांनीं एका गुणानें सामना गमाविला आणि दोन पंचांस डोळ्यांनीं बोलतांना पाहिलें, तर ‘हे आपसांत मिळालेले आहेत’ असें त्यांस वाटणार नाहीं काय? वाटेल, आणि दोष सर्वस्वीं त्यांचा नव्हे. म्हणूनच मूक भाषेस एक मर्यादा असली पाहिजे. मोजदाद, सावधगिरी, कोणी काय पाहिलें आणि निर्णय कोणी द्यावा, एवढेंच तिनें बोलावें. निर्णय मात्र प्रत्येक वेळीं, सर्वांस दिसेल असा, अधिकृत खुणेनेंच जाहीर झाला पाहिजे. विचारविनिमय झांकलेला चालेल, न्याय झांकलेला चालणार नाहीं.

पुढच्या वेळीं मुलांबरोबर सामन्यास जाल, तेव्हां चेंडूवरून क्षणभर नजर काढून पंचांकडे पाहण्यास त्यांस सांगा. ते एकमेकांकडे पाहूं लागले म्हणजे ओरडावयाचें नसतें, हेंही शिकवा. आणि घरीं आल्यावर आपण स्वतः एक प्रयोग करून पहावा. मुलांच्या तंट्यांत निवाडा देण्याची पाळी आली आणि खरें काय घडलें तें आपण पाहिलेलें नसेल, तर त्यांच्या आईकडे पाहून ‘मला दिसलें नाहीं’ असें मोकळेपणानें म्हणावें. त्यानें आपला मान कमी होत नाहीं; मुलांचा आपल्या न्यायावरील विश्वास मात्र वाढतो.