जेड-रेशमाची शांतता आणि अनुवादाची सोय

कॅन्टोनीजमधील 'शांतता व सलोख्याचे प्रतीक' म्हणून ज्या वाक्प्रयोगाचा सर्रास निर्देश होतो, त्याचा शब्दशः अर्थ 'शस्त्रांचे जेड आणि रेशीम करणे' असा आहे. तो ना बोली कॅन्टोनीजचा आहे, ना निखळ शांततेचा. दोन्ही गैरसमज एकाच आळसातून जन्मतात : चिन्हाला त्याच्या व्यवस्थेपासून तोडून वाचण्याच्या.

पहिला गैरसमज भाषेचा. वाक्प्रयोग अभिजात चिनीतला. कॅन्टोनीज त्याला आपला उच्चार देते. 'युक' (जेड) आणि 'बाक' (रेशीम) या उच्चारांत प्राचीन अंत्य व्यंजने टिकून आहेत. मँडरिनच्या 'यू' आणि 'बो'मध्ये ती लोपली आहेत. कॅन्टोनीजचे श्रेय जतनाचे आहे, निर्मितीचे नव्हे.

दुसरा गैरसमज अधिक गंभीर आहे. बायबलमधील यशयाच्या ग्रंथातील 'तलवारींचे फाळ' हा या वाक्प्रयोगाचा प्रतिशब्द म्हणून खपवला जातो. परंतु फाळ हे उत्पादनाचे साधन आहे. तो शेतकऱ्याच्या हाती जातो. जेड आणि रेशीम ही राजभेटीची द्रव्ये आहेत. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील 'ह्वाइनानझी' या ग्रंथात यू राजा तट पाडतो, खंदक बुजवतो, शस्त्रे-चिलखते जाळतो. त्यानंतर तूशान येथील सभेस दहा हजार राज्ये जेड-रेशीम घेऊन उपस्थित होतात. शस्त्र प्रथम बलाढ्य टाकतो हे खरे. पण भेट घेऊन येतो तो मांडलिक. मराठीत यासाठी 'नजराणा' हा नेमका शब्द आहे.

मग हा वाक्प्रयोग केवळ वर्चस्वाची खूण ठरवून निकालात काढावा काय? तेही तितकेच सोयीचे वाचन होईल. 'झुओझ्वान'च्या प्रचलित पाठात इ. स. पू. 645मधील युद्धानंतरचा प्रसंग आहे. छिन राज्याची राणी मू जी हिचा भाऊ, जिन राज्याचा अधिपती, तिच्याच पतीच्या कैदेत सापडला आहे. मुलांसह सरपणावर उभी राहून, आत्मदहनाचा इशारा देत, दोन राजे जेड-रेशमाने न भेटता शस्त्राने भेटले याचा ती शोक करते. येथे दोन्ही राजे समपातळीवर आहेत. मांडलिकत्वाचा लेशही नाही. जिनच्या अधिपतीची पुढे सुटका होते.

एकाच चिन्हात नजराणा आणि विनवणी दोन्ही नांदतात. 'सलोख्याचे प्रतीक' हे लेबल दोन्ही पुसून टाकते. कोण कोणाच्या दारी काय घेऊन गेले, हे न विचारणारी समीक्षा शांततेचा नव्हे, विजेत्याचाच अर्थ लावत असते.